काउंटरच्या टोकाचा ग्लास

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी हितेंद्र घरातून निघाला तो अगदी साध्या कामासाठी. उद्याच्या कार्यक्रमाची सात ड्रिंक्स एकदा बनवून बघायची, मापं कागदावर पक्की करायची आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचं. बस. पिंप्राळ्याच्या त्या दोन खोल्यांत नूतननं, त्याच्या बायकोनं, सकाळीच घागर भरली होती. नवी कोरी मातीची घागर, तिच्यावर डांगराचं फळ, बाजूला आंबे आणि सांजोऱ्या. गेलेल्यांच्या नावानं कुंकवाची बोटं ओढून झाली, विस्तवावर तुपाचा घास पडला, आणि हा गडी पाटावर बसायचं सोडून चपला शोधायला लागला.

“अहो, सणाच्या दिवशी उपाशी कुठं निघालात?” नूतन खापरावर पुरणाची पोळी टाकता टाकता ओरडली.

“भरल्या पोटी जीभ चालत नाही. तू आणि पोरगी बसून घ्या, मी आल्यावर जेवतो.”

“जीभ...” ती म्हणाली, आणि पुढची पोळी हातावर घेतली. त्या घरात त्या एका शब्दावरून थट्टा चालत नव्हती.

का चालत नव्हती ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. हितेंद्र बारटेंडर. आणि साधासुधा नाही बरं का! पुण्यात चार वर्षं, गोव्यात आठ. जळगाव-धुळे रस्त्याला लीलाधरभाऊंनी ‘अंजन’ नावाचा बार काढायचं ठरवलं, तेव्हा स्वतः गोव्याला जाऊन त्याला घेऊन आले. लीलाधरभाऊ रावेरकडचे केळीवाले. स्वतः ताकाच्या पुढं कधी गेले नाहीत, पण डोक्यात एकच खूळ, की बार काढायचा तर असा, की मुंबईच्या लोकांनी गाडी काढून इकडं यावं. तुम्ही म्हणाल, खान्देशात कसली आलीत कॉकटेलं? अहो, एकदा जाऊन तर बघा! चाळीस फुटी सागवानी काउंटर आहे, एकसंध. कुठल्याशा मोडीत निघालेल्या साहेबी क्लबातून भाऊंनी तो उचलून आणलाय. मागं भिंतभर आरसा आणि आरशापुढं इतक्या बाटल्या, की मोजता मोजता मान दुखावी.

असा बार, असा मालक, आणि काउंटरमागं उभा असलेल्या माणसाला चवच नाही. होय. करोनाच्या दुसऱ्या लाटेत हितेंद्रची चव गेली, वास गेला. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. चार वर्षं झाली. गार लागे, गरम लागे, तिखटाचा चटका लागे, बाकी सगळं पाणी. तो नुसत्या हातांच्या आठवणीवर काम करत होता. हे दोघींनाच माहीत होतं. एक नूतन, आणि दुसरी सुनिता.

सुनिता त्याच्या बरोबरीनं काउंटर सांभाळायची. साक्रीकडच्या डोंगरातली, नाशकात हॉटेलचं शिकलेली, तिशीची, आणि जिभेची एकदम पक्की. हितेंद्र ड्रिंक बनवायचा, ती थेंबभर चाखायची आणि काउंटरखाली बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे आंबट जास्त, दोन म्हणजे गोड जास्त, मूठ म्हणजे जाऊ दे पुढं. दोन वर्षं ही चोरी बिनबोभाट चालली होती.

पण उद्या ती चालणार नव्हती. उद्या मुंबईहून एक बाई येणार होत्या. देशभरचे बार पालथे घालून त्यांच्यावर लिहिणाऱ्या. लीलाधरभाऊंनी त्यांच्यासाठी ‘विसरलेली कॉकटेलं’ अशी संध्याकाळ मांडली होती. शंभर वर्षांपूर्वी जगभर गाजलेली आणि मग कुणाच्या लक्षातही न राहिलेली ड्रिंक्स. बाईंची अट एकच, की बनवणाऱ्यानं माझ्यासमोर आधी चाखायचं आणि काय लागतंय ते मला सांगायचं. आणि बाईंची खोड सगळ्यांना ठाऊक होती. त्या गुपचूप एखादा थेंब कशाचा तरी जास्त टाकायच्या आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघत बसायच्या. उद्या हितेंद्र उघडा पडला असता. जीभ नसलेला बारटेंडर म्हणजे आंधळा ड्रायव्हर. कोण ठेवील?

दुपारी दीडला त्यानं शटर अर्धं वर केलं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, आत गार काळोख. सण म्हणून बार बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दूर कुठंतरी पोरी झोक्यावर गौराईची गाणी म्हणत होत्या, तेवढाच काय तो आवाज. सुनिता मागच्या दारानं आधीच येऊन बसली होती. सणाला गावी गेली नव्हती.

“तुम्हाला एकट्याला कसं सोडू, भाऊ?” ती म्हणाली. “मीठ समजून साखर टाकाल.”

“टाकीन. आणि त्याला नवीन नाव देऊन विकीन.”

ती खळखळून हसली. तेवढ्यात लीलाधरभाऊंचा फोन आलाच. “काय रे बाबू, सगयं तयार हाये ना? उद्या आपली इज्जत तुह्या जिभीवर हाये बरं!” हितेंद्र “हो भाऊ, हो भाऊ” म्हणाला आणि फोन खाली ठेवून डोळे मिटून क्षणभर उभा राहिला.

पण एकदा बर्फ फोडायला घेतला, की हा माणूस वेगळाच व्हायचा. चव नसली म्हणून काय झालं, वेड तर होतंच! पहिलं बनवलं ‘एव्हिएशन’. विमानं नवी होती त्या काळातलं. जांभळ्या फुलांच्या अर्काचा एक चमचा पडला आणि ग्लासात संध्याकाळचं आभाळ उतरलं. मग ‘लास्ट वर्ड’, हिरवंगार, चार गोष्टी अगदी समान मापात, एक थेंब इकडंतिकडं झाला तर बिघडलं. मग रंगूनच्या साहेबांच्या क्लबातलं ‘पेगू क्लब’, संत्र्याच्या मद्याचं. मग शेरीचं ‘बांबू’. हितेंद्र प्रत्येकाची गोष्ट सांगत होता, हात नाचवत होता, बर्फ खुळखुळत होता.

“आणि हे पाचवं, ‘कॉर्प्स रिव्हायव्हर’. म्हणजे मढं उठवणारं! रात्रीची उतरत नसली, की साहेब लोक सकाळी...”

“भाऊ, आजच्या दिवशी नाव नका घेऊ ना असलं काही,” सुनिता म्हणाली.

“अगं, ड्रिंकचं नाव आहे.”

“असू दे. आज घरोघर गेलेली माणसं पाणी प्यायला आलेली असतात. अन्नाची नुसती चव घेऊन जातात.”

तो हसला. प्रत्येक ग्लासात त्यानं सवयीनं स्ट्रॉ बुडवला, वरून बोटानं दाबला आणि दोन थेंब जिभेवर सोडले. गार पाणी. पुढचं, गार पाणी. बारटेंडरचा हा नेमच असतो. पाहुण्यापुढं जाणारा प्रत्येक ग्लास आधी आपण चाखायचा. चव गेली तरी हाताचा नेम गेला नव्हता. सुनिता चाखून बोटं दाखवत होती, तो मापं लिहून घेत होता. सहावंही झालं. सहाही ग्लास ओळीनं उभे राहिले.

आणि मग सातवं.

सातवं साहेबांच्या कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. काउंटर बसवताना त्याच्या खालच्या खणात एक वही सापडली होती. क्लबात कधीकाळी काम करणाऱ्या कुणा बारवाल्याची, पेन्सिलीनं लिहिलेली, कडा वाळवीनं खाल्लेली. त्यात साहेबांची ड्रिंक्स होतीच, पण शेवटच्या पानावर एक खास आपल्याकडचं होतं. मोहाची फुलं तीन दिवस जिनमध्ये भिजवायची, मोसंबीचा रस, गुळाचं पाणी, किसलेली सुंठ, वरून जळत्या कडुलिंबाच्या काडीचा धूर. मापं सगळी बोटांत. जगात कुणी हे बनवत नव्हतं! हितेंद्रला ती वही सापडली त्या दिवशी तो लहान पोरासारखा नाचला होता. सुनिताच्या वडिलांनी, सुकलालबाबांनी, मोहाची फुलं पाठवली होती. तीन दिवस ती बरणीत भिजत होती.

पानाच्या तळाशी अहिराणीत दोन ओळी होत्या. सुनितानं त्या मोठ्यानं वाचल्या.

“‘दोन गिलास भरानात. एक टोकले ठेवाना. तो चिंधानानाना शे. नाना उठना का मंग आपला.’”

म्हणजे दोन ग्लास भरायचे. एक काउंटरच्या टोकाला ठेवायचा, तो चिंधानानांचा. नाना उठून गेले की मग आपला.

“हे चिंधानाना कोण असतील?” सुनितानं विचारलं.

“असतील कुणी जुने. वही लिहिणाऱ्याच्या आधी या काउंटरमागं उभे राहणारे. गेले असतील.” हितेंद्रला आता धीर धरवत नव्हता. “चल, भरू दोन. वहीत आहे तसंच करायचं. अस्सल ते अस्सल!”

“आमच्याकडंही मोहाची पहिली धार जमिनीला असते,” ती म्हणाली. “आणि आज तर आखाजी आहे. बरं झालं, नानांनाही मिळेल.”

दोन ग्लास भरले. धूर वर फिरला. रंग तर असा आला, की दोघंही बघत राहिले. सुनिता लिंबाची काडी विझवायला बेसिनकडं वळली. हितेंद्रनं टोकाचा ग्लास उचलला, आणि ठेवायला जाता जाता त्याच्या हातानं नेम केला. स्ट्रॉ बुडवला, वरून दाबला, दोन थेंब जिभेवर.

मग त्यानं ग्लास टोकाला ठेवला. आणि तिथंच थांबला.

आधी आंबट आलं. चार वर्षांनी! जिभेच्या दोन्ही कडांना असं झोंबलं, की त्याचे डोळे मिटले. मग गूळ आला. नुसता गोडवा नाही, कढईच्या काठाला लागलेल्या गुळाचा खरपूस गोडवा. मग सुंठ, मग धूर, आणि सगळ्यांच्या खालून हळूच मोह वर आला, उग्र, ओला, जंगलातला. हितेंद्रनं काउंटर दोन्ही हातांनी धरला.

“सुनिता!” तो किंचाळला. “सुनिता, लागतंय! चव लागतेय!”

ती धावत आली. “काय लागतंय? सांगा, काय?”

“गूळ! सुंठ! मोसंबीची साल पडलीय थोडी, कडू लागतेय, पडलीय ना?”

पडली होती. सुनितानं तोंडावर हात धरला. हितेंद्र हसत होता की रडत होता ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. तो त्या सहा ग्लासांकडं धावला. एकामागून एक. “हे जांभळं, हे साबणासारखं फुलांचं लागतंय, थोडं कमी करायला हवं! हे हिरवं, अगं ही तर अख्खी वैद्याची पेटी आहे! आणि शेरीत बदाम, ओले बदाम!” मग वास आले. फिनेलचा, सागाचा, सुनिताच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा, रस्त्यावरून गेलेल्या टेम्पोतल्या पिकल्या केळ्यांचा. जग परत आलं होतं. त्यानं नूतनला फोन लावला आणि नुसता ओरडला, “आली! नूतन, आली!” तिला एवढं कळलं आणि तीही पलीकडं रडायला लागली.

“उद्या येऊ दे त्या बाईंना!” फोन ठेवून तो म्हणाला. “शंभर थेंब लपवा म्हणावं. शंभरच्या शंभर सांगतो!”

असा आनंद त्या बारनं कधी पाहिला नसेल. हितेंद्र शिट्टी वाजवत नवीन शेकर भरायला लागला. लिंबू, जिन, साखरेचं पाणी. फटाफट. सुनिता हसत बघत होती, आणि बघता बघता तिचं हसू कमी झालं.

“भाऊ... मापाची वाटी कुठंय तुमची?”

त्यानं हाताकडं बघितलं. स्टीलची मापाची वाटी बाजूला कोरडीच पडली होती. तो ग्लासाला बाहेरून बोटं आडवी लावून मोजत होता. एक बोट, दोन बोटं. अशी सवय त्याला कधीच नव्हती. गोव्यात बोटानं मोजणाऱ्याला त्यानं स्वतः हाकललं होतं.

“वही वाचून लागली असेल सवय,” तो म्हणाला.

मग त्याला अजून एक चव लागली. तोंडात काही नव्हतं, तरी लागली. बिडी. जुनी, ओलसर बिडी, आणि तिच्यामागं रॉकेलचा दिवा. ग्लासात यातलं काही नव्हतं. तो बिडी कधी प्यायला नव्हता. त्याचा डावा हात आपोआप काउंटरखाली गेला, कडेनं सरकला आणि लाकडातल्या एका खाचेवर अंगठा बरोबर बसला. वर्षानुवर्षं अंगठा घासून झालेली खाच. दोन वर्षं तो या काउंटरमागं उभा राहत होता, ती खाच त्याला माहीत नव्हती.

एसीचा आवाज तेवढा चालू होता. बाहेरची झोक्यावरची गाणी केव्हा थांबली, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

“भाऊ,” सुनिता अगदी हळू म्हणाली. “टोकाच्या ग्लासातलं... तुम्ही चाखलं?”

“हो. म्हणजे... नेहमीसारखं. स्ट्रॉनं.”

“ठेवायच्या आधी?”

त्यानं टोकाच्या ग्लासाकडं बघितलं. आखाजीचा पितर त्याला ठाऊक नव्हता का? खान्देशातलं शेंबडं पोर सांगेल! घरात कुणी गेलं असेल, तर त्याच्या जागी एक जिता माणूस बसवतात. पहिला घास त्याचा. त्या घासापासून तो माणूस नसतो, तो पितर असतो. त्याला गेलेल्याच्याच नावानं हाक मारतात. लहानपणी शेजारच्या प्रमिलाबाईंनी हितेंद्रलाच बसवलं होतं, आठ वर्षांच्या पोराला दिवसभर ‘मामंजी’ म्हणत होत्या. तो हसत होता, त्या रडत होत्या. आणि उन्हं उतरायच्या आत विडा देऊन, पाणी सोडून, नाव घेऊन त्याला उठवलं होतं. उठवायचं असतं. बसवलेला पितर उठवल्याशिवाय दिवस मावळू द्यायचा नाही.

“पहिला घोट तुम्ही घेतला, भाऊ. आखाजीला. त्यांच्या नावाच्या ग्लासातून,” सुनिता म्हणाली. “तुम्ही बसलात त्यांच्या जागी...”

“मग? आता काय करायचं?”

“बोळवण. नाव घ्यायचं, आणि ग्लास बाहेर मातीत ओतायचा. उन्हं आहेत तोवर.”

हितेंद्रनं घड्याळ पाहिलं. साडेसहाला दहा कमी. इतका वेळ कसा गेला? त्यानं ग्लास उचलला. काउंटरवर ग्लासाचं एक ओलं वर्तुळ होतं, आणि त्याच्या शेजारी दुसरं. कुणी तो मधेच उचलून परत ठेवला असावा तसं. दोघांनीही ते पाहिलं.

मागच्या दारापाशी कडुलिंबाचं झाड होतं. झाडाबुडी उभं राहून हितेंद्रनं ग्लास तिरपा केला. “चिंधानाना,” तो म्हणाला, “या आता.” पातळ धार मातीत पडली.

आणि आंबट गेलं. दिवा मालवावा तसं, जिभेच्या कडांवरून. धार अजून पडत होती. सुंठ गेली. लिंबाच्या मोहराचा वास येत होता, तो विरायला लागला.

त्यानं झटकन ग्लास सरळ केला.

“भाऊ, थांबू नका!”

“जातंय, सुनिता... परत सगळं जातंय.”

“जाऊ द्या!”

“तुला काय जातंय ‘जाऊ द्या’ म्हणायला!” तो तिच्या अंगावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. “चार वर्षं! पोरीच्या वाढदिवसाचा केक खाल्ला, स्पंजासारखा. आई गेली, तिच्या हातचं शेवटचं जेवलो, माती! उद्या मी तिथं उभा राहून काय सांगू? गार लागतंय, एवढंच? उद्याचा एक दिवस. फक्त एक दिवस. परवा ओततो मी, आईशप्पथ.”

“पितर आजचा असतो, भाऊ. परवा कुणाला उठवणार?”

ग्लासात दोन बोटं उरलं होतं. हितेंद्रनं ते बघितलं. ऊन झाडाच्या शेंड्यावर गेलं होतं. शहाणा असता तर त्यानं डोळे मिटून ओतलं असतं. पण चार वर्षं उपाशी असलेल्या जिभेपुढं शहाणपण कुणाचं टिकलंय? त्यानं ग्लास ओठाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

आलं! सगळं परत आलं, दुप्पट आलं. गूळ, धूर, मोह, लिंबाचा मोहर, तापलेल्या मातीचा वास. तो मोठ्यानं हसला.

सुनितानं आत जाऊन आपली पर्स घेतली. दाराशी येऊन ती थांबली, डोक्यावर ओढणी घेतली, वाकली आणि त्याच्या पायाला हात लावला. तिनं असं कधी केलं नव्हतं.

“अगं, हे काय?”

“येते, नाना,” ती म्हणाली, आणि मान वर न करता चालत सुटली.

प्यायलेला होता म्हणून त्यानं स्कूटर बारलाच ठेवली आणि रिक्षा केली. मनात सुनिताचं बोलणं सलत होतं, नाही असं नाही. पण रस्त्याला लागल्यावर वास सुरू झाले आणि तो सगळं विसरला. कुठं फोडणी, कुठं भिजवलेलं अंगण, कुठं भजी. रिक्षातून तो लहान मुलासारखा बाहेर डोकं काढून बसला होता. उद्याची त्याला आता काडीचीही काळजी नव्हती.

नूतन दारातच उभी होती. डोळे पुसत, हसत. पोरगी शेजारी झोक्यावर गेली होती, घरात दोघंच. तिनं पाट मांडला, ताट वाढलं. खापरावरची पोळी, आमरस, कटाची रशी, कुरडया, भजी. हितेंद्रनं पहिला घास रसात बुडवून तोंडात घातला आणि त्याला हुंदका फुटला.

“वेलची जास्त झालीय,” तो रडत रडत म्हणाला.

“झालीच आहे मेली!” नूतन हसली, रडली. “सकाळीच कळलं होतं मला. कुणी बोललं नाही.”

मग तो जेवला. असा जेवला, की काय सांगू. रशीचा झणका, कुरडईचा खारटपणा, कणीदार तुपाचा तो वास. प्रत्येक घासाला तो तिला सांगत होता, हे असं लागतंय, ते तसं लागतंय, आणि ती खापराशी बसून त्याच्याकडं बघत होती. तिनं इतकं सुख चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

“अजून एक वाढ,” तो म्हणाला.

नूतन गरम पोळी घेऊन वळली, आणि पोळी हातातच राहिली.

“आधी ताटातली तर खा.”

“खाल्ली की. दोन खाल्ल्या.”

“अहो...” ती म्हणाली.

हितेंद्रनं खाली पाहिलं. ताट वाढलं होतं तसंच होतं. पोळी मोडलेली नव्हती. रसावर साय धरली होती. कुरडई अख्खी. त्याची बोटं कोरडी होती. जिभेवर वेलची, गूळ, तूप, सगळं ताजं ताजं होतं, आणि पोट सकाळी होतं तसंच रिकामं कळवळत होतं.

नूतननं त्याच्या ताटातली पोळी मोडली आणि आपल्या तोंडात घातली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. “याला काही चवच नाही,” ती पुटपुटली. मग तिनं हातातल्या गरम पोळीचा तुकडा चाखला. तो गोड होता, वेलची जास्त झालेला, सकाळसारखाच.

“थट्टा करताय ना माझी?” तिनं विचारलं. “सांगा ना हो... थट्टा ना?”

तिनं गरम पोळीचा घास केला, रसात बुडवला, आणि त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात घातला.

“चावा. माझ्यासमोर. गिळा.”

त्यानं चावला. पुरण जिभेवर पसरलं, रस दातांतून झिरपला. घास घशातून खाली उतरला, तो त्याला स्वच्छ कळला. त्यानं तोंड उघडून तिला दाखवलं.

“बघ. संपला.”

नूतन त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हती. ती आपल्या उजव्या हाताकडं बघत होती. घास तिच्या बोटांतच होता.